विश्लेषण : आईकडून नवजात बाळाला मलेरिया… तो वेळेत ओळखायचा कसा?

जन्मानंतर दोन-तीन आठवड्यांनी बाळाला ताप येतो. ते दूध ओढेनासे होते, किरकिर करते, अंग पिवळसर दिसू लागते. अशा वेळी डॉक्टरांना पहिला संशय येतो तो रक्तातील जंतुसंसर्गाचा, आणि बहुतेकदा तो बरोबरही असतो. मात्र मोजक्या बाळांमध्ये कारण वेगळे असते. आईच्या रक्तातून आलेले मलेरियाचे परजीवी बाळाच्या रक्तात वाढत असतात आणि जंतुसंसर्गावर नेहमी दिली जाणारी प्रतिजैविके त्यांना मारू शकत नाहीत. हे ओळखणारी तपासणी स्वस्त आहे आणि ती प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत पोहोचलेली आहे. तरीही सोलापूरसारख्या मलेरिया कमी असलेल्या जिल्ह्यात निदान हुकण्याचा धोका अधिक असतो. असे का, याचा हा आढावा.

जन्मजात मलेरिया म्हणजे काय?

मलेरिया म्हणजे सरकारी कागदपत्रांतला हिवताप. तो प्लाझ्मोडियम या परजीवीमुळे होतो आणि एरवी ॲनोफिलिस जातीच्या डासाच्या मादीकडून पसरतो. जन्मजात मलेरियात डासाची गरज नसते. गरोदर आईच्या रक्तातील परजीवी गर्भावस्थेत किंवा प्रसूतीच्या वेळी थेट बाळाच्या रक्तात जातात. जन्मानंतर पहिल्या सात दिवसांत बाळाच्या रक्तात परजीवी सापडले, तर त्याला जन्मजात मलेरिया म्हणावे, असा सर्वसाधारण संकेत आहे. त्यानंतर आजार दिसला, पण डास चावून झालेल्या संसर्गाची शक्यता नसेल, तर तोही याच प्रकारात धरला जातो.

भारतात मलेरियाचे दोन परजीवी प्रामुख्याने आढळतात, व्हायव्हॅक्स आणि फाल्सिपेरम. दोन्ही आईकडून बाळाला जाऊ शकतात.

परजीवी बाळापर्यंत पोहोचतात कसे?

आई आणि बाळ यांचे रक्त थेट एकमेकांत मिसळत नाही. मधे वार असते. वारेच्या एका बाजूला आईचे रक्त खेळते, दुसऱ्या बाजूला बाळाचे, आणि मधल्या पातळ पडद्यातून प्राणवायू व पोषण पलीकडे जाते. हा पडदा परजीवींनाही बऱ्याच अंशी अडवतो. पण त्याला सूज वा इजा झाली, किंवा प्रसूतीच्या कळांमध्ये आईचे थोडे रक्त बाळाकडे झिरपले, तर त्यासोबत परजीवीही जातात.

फाल्सिपेरमची एक खासियत येथे महत्त्वाची ठरते. या परजीवीने ग्रासलेल्या लाल पेशींच्या पृष्ठभागावर एक विशिष्ट प्रथिन तयार होते आणि त्याच्या आधारे त्या वारेला चिकटून बसतात. त्यामुळे वारेत परजीवींची गर्दी असतानाही आईच्या बोटातून घेतलेल्या रक्तात ते फारसे दिसत नाहीत. आईची तपासणी ‘निगेटिव्ह’ आली म्हणून बाळ सुरक्षित, असे म्हणूनच ठामपणे म्हणता येत नाही.

व्हायव्हॅक्सचा डाव वेगळा असतो. त्याचे काही परजीवी आईच्या यकृतात महिनोन्महिने निद्रिस्त राहतात आणि पुन्हा जागे होतात. यकृतातील हे परजीवी मारणारे प्रायमाक्विन हे औषध गरोदरपणात देता येत नाही. परिणामी गरोदर राहण्यापूर्वी किंवा पहिल्या महिन्यांत होऊन गेलेला मलेरिया सातव्या-आठव्या महिन्यात पुन्हा डोके वर काढू शकतो.

मलेरिया कमी असलेल्या भागात निदान का हुकते?

महाराष्ट्रात मलेरियाचे नाव निघाले की गडचिरोली आणि मुंबई आठवतात. अवर्षणग्रस्त सोलापूर जिल्हा त्या यादीत वरच्या क्रमांकावर नाही. ही दिलाशाची बाब असली, तरी निदानाच्या दृष्टीने तीच अडचण ठरते.

पहिले कारण प्रतिकारशक्तीचे. मलेरिया सतत असणाऱ्या भागातील महिलांच्या शरीरात त्याविरुद्धची प्रतिपिंडे असतात. ती वारेतून बाळालाही मिळतात. तिथे अनेक बाळांच्या रक्तात जन्मतः परजीवी सापडतात, पण लक्षणे दिसत नाहीत आणि ते आपोआप नाहीसेही होतात. मलेरिया क्वचित होणाऱ्या भागातील आईकडे हे कवच नसते. त्यामुळे तिचा आजार तीव्र होतो आणि बाळातही लक्षणे दिसण्याची शक्यता वाढते.

दुसरे कारण सवयीचे. जो आजार रोज दिसत नाही, तो चटकन आठवतही नाही. ‘मलेरिया जर्नल’मध्ये 2007 मध्ये भारतातील कमी प्रसाराच्या भागातून जन्मजात मलेरिया झालेल्या एका बाळाची माहिती प्रसिद्ध झाली. नेहमीपेक्षा वेगळी लक्षणे, हाच त्या लेखाचा विषय होता.

तिसरे कारण प्रवासाचे. ‘सोलापुरात मलेरिया कमी’ हे खरे असले, तरी सोलापुरात प्रसूत होणारी प्रत्येक महिला गरोदरपणाचे नऊही महिने सोलापुरात राहिलेली नसते. पहिल्या बाळंतपणासाठी मुंबईहून माहेरी आलेली लेक, बांधकामाच्या कामावर गेलेले कुटुंब, उसाच्या हंगामात कारखान्यांच्या परिसरात कोपीत राहणारी तोडणी कामगार महिला यांचा प्रवास त्यांच्या रक्तासोबत येतो. शेजारच्या धाराशिवमधून आणि सीमेपलीकडच्या कलबुर्गी, विजयपुरा भागातूनही रुग्ण उपचारासाठी सोलापूर शहरात येतात. शिवाय शहरात पाणी काही दिवसांच्या अंतराने येत असल्याने घरोघरी टाक्या, बॅरल, हौद भरलेले असतात. शहरी मलेरिया पसरवणारा ॲनोफिलिस स्टीफेन्सी हा डास अशाच स्वच्छ, साठवलेल्या पाण्यात वाढतो. म्हणजे स्थानिक धोकाही शून्य नाही.

लक्षणे कोणती आणि ती सेप्सिससारखी का भासतात?

ताप, दूध न ओढणे, सुस्ती किंवा सततची किरकिर, फिकेपणा, कावीळ, वाढलेले यकृत आणि प्लीहा, रक्तातील प्लेटलेट्स कमी होणे ही जन्मजात मलेरियाची प्रमुख लक्षणे. मोठ्यांच्या मलेरियातील थंडी वाजून येणारा, दिवसाआड चढणारा ताप नवजात बाळात सहसा तसा दिसत नाही. काही बाळांना ताप येतच नाही.

ही यादी नवजात बाळाच्या जंतुसंसर्गाशी, म्हणजे सेप्सिसशी जवळपास तंतोतंत जुळते. यकृत-प्लीहा वाढलेली असेल तर आईकडून येणाऱ्या इतर संसर्गांचाही संशय येतो. सेप्सिसमध्ये काही तासांचा उशीरही जिवावर बेतू शकतो. म्हणून अहवालाची वाट न पाहता ॲम्पिसिलिन, जेंटामायसिन यांसारखी प्रतिजैविके सुरू केली जातात. ते योग्यच आहे. प्रश्न त्यापुढचा आहे. उपचार सुरू असूनही ताप हटत नाही, रक्ताच्या कल्चरमध्ये जंतू वाढत नाहीत, हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट्स घसरत राहतात, तेव्हा प्रतिजैविक बदलण्यासोबतच मलेरियाची तपासणी झाली आहे का, हे पाहायला हवे.

निदान पक्के कसे होते?

काचपट्टीवर घेतलेला रक्तनमुना आणि सूक्ष्मदर्शक हीच आजही निदानाची मुख्य पद्धत आहे. बाळाच्या टाचेतून किंवा शिरेतून घेतलेल्या रक्ताचे काचपट्टीवर दोन थर देतात, एक जाड आणि एक पातळ. जाड थरात कमी जागेत जास्त रक्त मावते, त्यामुळे परजीवी आहेत की नाहीत हे त्यातून कळते. पातळ थरात लाल पेशी अखंड राहतात, त्यामुळे परजीवी कोणत्या जातीचा आहे हे ठरवता येते. रंगद्रव्य दिल्यावर परजीवीचे केंद्रक लालसर आणि बाकीचा भाग निळसर दिसतो. भारताच्या हिवताप कार्यक्रमात वर्षानुवर्षे वापरले गेलेले ‘जेएसबी’ रंगद्रव्य भारतातच तयार झाले. जसवंत सिंग आणि भट्टाचार्जी यांनी 1944 मध्ये ही पद्धत मांडली.

येथे एक मेख आहे. बहुतेक प्रयोगशाळांत रक्ताची ‘सीबीसी’ तपासणी आता यंत्र करते. यंत्र पेशी मोजते, प्लेटलेट्स कमी असल्याचे सांगते, पण मलेरियाचा परजीवी दाखवून देईलच असे नाही. प्लेटलेट्सची खात्री करण्यासाठी तंत्रज्ञाने काचपट्टी डोळ्यांखाली घातली आणि परजीवी योगायोगाने दिसला, असे घडू शकते. निदान योगायोगावर सोडायचे नसेल, तर तपासणीच्या कागदावर ‘मलेरियासाठी रक्तपट्टी’ असे स्पष्ट लिहिलेले असणे गरजेचे ठरते.

पहिली तपासणी निगेटिव्ह आली तर?

तर शंका संपत नाही. का, हे एका साध्या हिशेबातून समजू शकते. तीन किलोच्या बाळाच्या शरीरात साधारण 240 मिलिलिटर रक्त असते, म्हणजे 2 लाख 40 हजार मायक्रोलिटर. समजा, आईकडून 24 हजार परजीवी आले. आकडा मोठा वाटतो, पण दहा मायक्रोलिटर रक्तामागे तो फक्त एक परजीवी होतो. जाड थराची शंभर क्षेत्रे सूक्ष्मदर्शकाखाली तपासली, तरी त्यात रक्त असते जेमतेम 0.2 मायक्रोलिटर. म्हणजे अशा पन्नास काचपट्ट्या तपासल्या तर सरासरी एखादीत परजीवी दिसेल.

आता वाढीचा वेग पाहू. व्हायव्हॅक्स आणि फाल्सिपेरम यांचे लाल पेशीतील चक्र साधारण 48 तासांचे असते. आईकडून मिळालेली प्रतिपिंडे आणि गर्भावस्थेतील विशेष हिमोग्लोबिन यांमुळे बाळात ही वाढ मंदावते. समजा, प्रत्येक चक्रात परजीवी फक्त दुप्पट झाले. तरी दहा चक्रांत, म्हणजे वीस दिवसांत, त्यांची संख्या हजार पट होते आणि एका मायक्रोलिटरमागे सुमारे शंभर परजीवी होतात. तेव्हा ते सहज सापडतात. हा केवळ समजण्यापुरता हिशेब आहे, पण बहुतेक आजारी बाळांमध्ये लक्षणे जन्मानंतर 10 ते 30 दिवसांनी का दिसतात, हे त्यातून लक्षात येते. दुसऱ्या दिवशीची निगेटिव्ह रक्तपट्टी विसाव्या दिवशीच्या तापाला उत्तर देऊ शकत नाही.

म्हणूनच संशय दाट असेल, तर 12 ते 24 तासांच्या अंतराने दोन-तीन दिवस रक्तपट्टी पुन्हा तपासली जाते.

रॅपिड टेस्ट किंवा नाळेतील रक्त पुरेसे नाही का?

रॅपिड टेस्टच्या पट्टीवर परजीवीची प्रथिने शोधली जातात. पंधरा-वीस मिनिटांत निकाल मिळतो, सूक्ष्मदर्शक लागत नाही आणि रात्री-अपरात्रीही तपासणी होऊ शकते. मर्यादा दोन आहेत. एका मायक्रोलिटरमागे शंभर-दोनशेपेक्षा कमी परजीवी असतील, तर ही टेस्ट चुकू शकते. दुसरे, फाल्सिपेरम ओळखण्यासाठी वापरले जाणारे ‘एचआरपी-टू’ हे प्रथिन परजीवी मेल्यानंतरही काही आठवडे रक्तात रेंगाळते. त्यामुळे पॉझिटिव्ह पट्टीची खात्रीही रक्तपट्टीनेच करणे इष्ट असते.

नाळेतील रक्त जन्मतःच, बाळाला न टोचता मिळते. परंतु ते घेताना आईचे रक्त मिसळू शकते. नाळेच्या रक्तात परजीवी दिसले, म्हणजे बाळावर लक्ष ठेवण्याचे सबळ कारण मिळाले. निदान मात्र बाळाच्या स्वतःच्या रक्तावरूनच करावे लागते.

‘पीसीआर’ ही जनुकीय तपासणी अगदी कमी परजीवीही पकडते. ती मोजक्या प्रयोगशाळांत होते आणि निकालाला वेळ लागतो. अवघड किंवा संशयास्पद प्रसंगी तिची मदत होते. आजारी बाळाचे उपचार तिच्या निकालासाठी थांबवून ठेवता येत नाहीत.

मलेरिया आईकडून आला की डासाकडून?

डास चावल्यानंतर परजीवी आधी यकृतात जातो, तिथे वाढतो आणि मग रक्तात येतो. या प्रवासाला किमान आठवडाभर लागतो. म्हणून पहिल्या सात दिवसांत बाळाच्या रक्तात सापडलेला परजीवी डासाकडून आलेला नसतो. त्यानंतरच्या आजारात बाळ कुठे राहिले, त्या भागात मलेरियाचे रुग्ण आहेत का, आईच्या रक्तात त्याच जातीचा परजीवी आहे का, हे पाहिले जाते. आणखी एक प्रश्न विसरून चालत नाही, तो म्हणजे बाळाला रक्त दिले होते का? रक्तपेढ्यांमध्ये दात्याच्या रक्ताची मलेरियासाठी तपासणी बंधनकारक आहे, तरी अत्यल्प परजीवी तिच्या नजरेतून सुटू शकतात.

उत्तराला उपचारांच्या दृष्टीने मोल आहे. आईकडून आलेले परजीवी थेट रक्तात उतरलेले असतात. त्यांनी बाळाच्या यकृतात मुक्काम केलेला नसतो. त्यामुळे व्हायव्हॅक्स असला, तरी जन्मजात मलेरियात निद्रिस्त परजीवींसाठीच्या प्रायमाक्विनची गरज पडत नाही. लहान बाळांना ते औषध धोकादायकही ठरू शकते. रक्तातील व्हायव्हॅक्सवर क्लोरोक्विन आणि फाल्सिपेरमवर आर्टेमिसिनिनवर आधारित औषधे दिली जातात. कोणते औषध, किती आणि कोणत्या मार्गाने, हे बाळाचे वजन व प्रकृती पाहून बालरोगतज्ज्ञच ठरवतात.

एवढ्या लहान बाळांसाठी वेगळे औषध नसणे, ही जगभरची अडचण होती. जुलै 2025 मध्ये स्वित्झर्लंडच्या औषध नियामकाने दोन ते पाच किलो वजनाच्या बाळांसाठी तयार केलेल्या ‘कोआर्टेम बेबी’ या औषधाला मान्यता दिली. तोवर मोठ्या मुलांसाठीच्या गोळ्यांचेच भाग करून काम भागवले जात होते.

आईला मलेरिया असेल, तर स्तनपान बंद करण्याची गरज नसते. मलेरिया आईच्या दुधातून पसरत नाही.

गावपातळीवर संशय कोण घेऊ शकते?

या आजाराचा काळ बाळंतिणीच्या सव्वा महिन्याच्या आतबाहेर येतो. बाळ तेव्हा घरात, बहुधा आईच्या माहेरी असते. याच काळात आशाताई घरी येतात. ‘गृह आधारित नवजात बालक काळजी’ कार्यक्रमानुसार रुग्णालयात जन्मलेल्या बाळाला तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी भेट द्यायची असते. भेटीत वजन घ्यायचे, तापमान मोजायचे, बाळ दूध कसे ओढते ते पाहायचे. या पद्धतीचा पाया गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने घातला. तिथे नवजात बालमृत्यू 62 टक्क्यांनी घटल्याचा निष्कर्ष 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला आणि 2011 पासून हा कार्यक्रम देशभर राबवला जाऊ लागला.

चौदाव्या आणि एकविसाव्या दिवसाच्या भेटी जन्मजात मलेरियाच्या काळात नेमक्या बसतात. थर्मामीटर ताप दाखवतो, पण तापाचे मूळ आईच्या उत्तरांत असू शकते. गरोदरपणात थंडी-ताप आला होता का? मलेरियाचे औषध घेतले होते का आणि पूर्ण केले होते का? गेल्या वर्षभरात मुक्काम कुठे कुठे होता? ही उत्तरे तापलेल्या बाळासोबत रुग्णालयात पोहोचली, तर पुढची वाट सोपी होते. प्राथमिक आरोग्य केंद्र असो, पंढरपूरचे उपजिल्हा रुग्णालय असो वा सोलापूरकर ज्याला ‘सिव्हिल’ म्हणतात ते श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय असो, या माहितीशिवाय डॉक्टरांसमोर असते ते फक्त ताप आलेले एक बाळ. अर्थात, नवजात बाळाला ताप आला तर प्रश्नोत्तरांत वेळ न घालवता त्याला लगेच रुग्णालयात नेणे हे पहिले काम.

गरोदरपणातच हे टाळता येईल का?

बऱ्याच अंशी टाळता येते. आफ्रिकेतील मलेरियाग्रस्त भागांत गरोदर महिलांना ठरावीक अंतराने प्रतिबंधक औषध दिले जाते. भारतात तसे धोरण नाही. येथे भर आहे तो ताप आल्यावर तातडीने तपासणी आणि पूर्ण उपचारांवर. त्यामुळे गरोदर महिलेचा ताप ‘अंगावर काढणे’ किंवा नुसती तापाची गोळी घेऊन दबवणे येथे अधिक महागात पडते. प्रसूतीच्या सुमारास आईला मलेरिया झाल्याचे आढळले, तर त्याची नोंद बाळाच्या कागदांवरही हवी. जन्मतः बाळ ठणठणीत दिसले तरी महिनाभर त्याच्यावर लक्ष ठेवावे लागते.

देशाने 2016 मध्ये आखलेल्या आराखड्यानुसार 2030 पर्यंत मलेरियाचे निर्मूलन करायचे आहे. रुग्ण जसजसे कमी होतील, तसतसे परजीवी प्रत्यक्ष पाहिलेले तंत्रज्ञ आणि डॉक्टरही कमी होत जातील. तेव्हा सोलापुरातील एखाद्या नवजात बाळाच्या तापाचे कारण सापडेल की नाही, हे दोन गोष्टींवर ठरेल. आईला ‘गरोदरपणी कुठे होता आणि ताप आला होता का’ असे कुणी विचारले का, आणि त्या उत्तरावरून बाळाच्या टाचेतील रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेतला गेला का.